पोत्यातली राख, भिंतीतला धागा

धायरीत किंवा वाघोलीत स्वतःचं घर बांधायला काढलेल्या माणसाला गवंड्याने आधीच बजावलेलं असतं, "साहेब, ५३ ग्रेडच आणा. पीपीसी नको, त्यात राख असते." दुकानदार मात्र नेमकं पीपीसीचंच, म्हणजे राखमिश्रित सिमेंटचंच पोतं पुढे करतो. पोतं फिरवून पाहिलं तर कंपनीने काही लपवलेलं नसतं. फ्लाय ॲश, म्हणजे वीज केंद्रातली राख, किती टक्के, ते त्यावर छापलेलं असतं, कारण आयएस १४८९ हे भारतीय मानक तसं छापायला लावतं. हे प्रमाण १५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान असतं. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात पंधरा किलो राख सहज निघेल.

चुलीतली राख पाण्यात कालवून महिनाभर ठेवली तरी तिचा चिखलच राहतो. मग पोत्यात गेलेल्या राखेचा दगड कसा होतो?

त्याच दुकानात अलीकडे आणखी एक वस्तू दिसते. पांढऱ्या, मऊ, जेमतेम १२ मिलिमीटर लांबीच्या पॉलिएस्टर धाग्यांची पुडी. एका पोत्याला सव्वाशे ग्रॅम टाका, प्लास्टरला भेगा पडणार नाहीत, असं दुकानदार सांगतो. पन्नास किलोत सव्वाशे ग्रॅम धागा काय दिवे लावणार, असं आपल्याला वाटतं.

ही दोन कोडी वेगवेगळी वाटतात, पण पर्यावरणाला कमी त्रास देणारं सिमेंट बनवण्याची जी धडपड जगभर चालू आहे, तिच्यात ती एकमेकांना जोडलेली आहेत. कारखान्यांची टाकाऊ राख आणि धागा ही जोडी आहे. राखेवाचून कितीतरी धागे सिमेंटमध्ये टिकतच नाहीत.

पुण्याला चुनखडीचा डोंगर नाही

पुणं वसलंय काळ्या बेसॉल्टवर. खडी हवी तेवढी मिळते. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यावर त्याच खडकाचा चुरा 'क्रश सँड' म्हणून वापरात आला. पण सिमेंटला लागणारी चुनखडी इथे नाही. ती आहे चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर-आवारपूरच्या पट्ट्यात, किंवा कर्नाटकात वाडीच्या बाजूला. पुण्यात ओतल्या जाणाऱ्या प्रत्येक स्लॅबमागे दूरच्या एखाद्या डोंगराचा तुकडा असतो.

चुनखडी आणि चिकणमाती दळून भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की करड्या रंगाचे टणक गोळे तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकरमध्ये थोडं जिप्सम घालून दळलं की झालं सिमेंट. भट्टीला कोळसा लागतो, त्याचा धूर होतो, हे सगळ्यांना कळतं. लक्षात येत नाही ती दुसरी गोष्ट. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो कोळशातून आलेला नसतो, दगडातून आलेला असतो. उद्या भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा ४४ किलोचा हिशेब बदलणार नाही. जगात माणसाच्या उद्योगांतून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यातला साधारण ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे.

म्हणून सगळ्यात साधा उपाय म्हणजे क्लिंकर कमी वापरणं. पण त्याच्या जागी घालायचं काय? जे आधीच भाजून झालेलं आहे आणि पडून आहे, ते घालायचं.

राख म्हणजे काचेचा चुरा

औष्णिक वीज केंद्रात कोळसा पिठासारखा दळून बॉयलरमध्ये फवारतात. आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, म्हणजे कोळशात अडकलेली माती. बॉयलरच्या प्रचंड उष्णतेत ही माती वितळते, तिचे सूक्ष्म थेंब होतात आणि धुराबरोबर वर जाताना ते झटकन थंड होतात. सिलिकाचे आणि ॲल्युमिनाचे रेणू शिस्तीत रचले जायला वेळच मिळत नाही. ते अस्ताव्यस्त गोठतात. अशा अस्ताव्यस्त गोठलेल्या पदार्थालाच काच म्हणतात. चिमणीच्या आधी बसवलेल्या विद्युत यंत्रणेत हे काचेचे गोल कण पकडले जातात. हीच फ्लाय ॲश.

चुलीतल्या राखेत ही काच नसते. लाकडाची आच तेवढी नसते आणि लाकडात मातीही फारशी नसते. त्या राखेत मुख्यतः चुन्याचे आणि पोटॅशचे क्षार असतात. भांडी घासायला ती उत्तम, बांधकामाला निरुपयोगी.

नदीच्या वाळूतही सिलिका असतो, मग ती दळून घातली तर? नेहमीच्या तापमानात तिचाही उपयोग नाही. वाळूतला सिलिका स्फटिकाच्या रूपात असतो, रेणू घट्ट रांगेत बसलेले असतात, ते कुणाशी सहज जुळत नाहीत. काचेतले विस्कटलेले रेणू मात्र जोडीदार शोधत असतात. जोडीदार मिळतो सिमेंटमधूनच.

सिमेंटमध्ये पाणी घातलं की दोन पदार्थ बनतात. पहिला एक घट्ट, चिकट जेल. सिमेंटची सगळी ताकद त्यात असते. दुसरा म्हणजे विरलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये हा चुना साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असतो आणि ताकदीच्या दृष्टीने तो जवळजवळ फुकट जागा अडवून बसलेला असतो. पाणी झिरपलं की तो विरघळून बाहेर येतो. स्लॅबच्या खालच्या बाजूला पांढरे ओघळ दिसतात, ते याचेच.

राखेतली काच या फुकट चुन्याला धरते आणि त्यातून पुन्हा तोच ताकद देणारा जेल बनवते. राख स्वतः पाण्याने घट्ट होत नाही, तिला चुना लागतो. अशा पदार्थाला पोझोलाना म्हणतात. इटलीतल्या पोझुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात मिसळत, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे हेच काम सुरखी करायची. भाजलेल्या विटांचा चुरा म्हणजे सुरखी, आणि चुन्याच्या बांधकामात ती मिसळली जाई. वीटभट्टीच्या फुटक्या मालाचा तो सन्मानाचा उपयोग होता. त्याला भेसळ कुणी म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र गवंड्याच्या बाजूने सांगायलाच हवी. राखेचं काम सावकाश चालतं. आधी सिमेंटमधून चुना सुटायला हवा, मग राख जागी होणार. त्यामुळे पीपीसीला सुरुवातीची ताकद कमी असते आणि पुढचे दोन-तीन महिने ती वाढत राहते. या सगळ्या काळात, निदान पहिले काही दिवस तरी, पाणी लागतं. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, तर राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस, आणि उष्ण, कोरड्या हवेत १४ दिवस. एप्रिलमध्ये टँकरच्या पाण्यावर चाललेल्या साइटवर चौथ्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवतात आणि मग दोष राखेला देतात.

राखेवर विश्वास ठेवायचा की नाही, याचं उत्तर पुण्याहून फार दूर नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्यावर घाटघरचा वीज प्रकल्प आहे. त्याची धरणं रोलरने दाबून केलेल्या काँक्रीटची आहेत, भारतात या पद्धतीची पहिलीच. त्यांच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा फ्लाय ॲश जास्त आहे. पाणी अडवणाऱ्या भिंतीत जे चालतं, ते दोन खोल्यांच्या घरात चालणार नाही असं म्हणायला काही आधार नाही.

भेगेला टाका

आता धाग्याकडे. सिमेंट दाबायला कणखर आणि ओढायला कमकुवत असतं. दाबाखाली जेवढा भार काँक्रीट पेलतं, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या ताणाला ते तुटतं. बीममध्ये सळई घालतात ती म्हणूनच. पण सळई ठरावीक जागी असते. प्लास्टरमध्ये, फरशीत, पत्र्यात, पेव्हर ब्लॉकमध्ये सळई घालायला जागाच नसते, आणि भेग तर कुठूनही निघते.

गोधडी पाहा. तिला दर बोटभर अंतरावर धावदोरा असतो. कापड कुठे फाटलं तरी फाट लांबवर धावत नाही, टाक्याशी येऊन अडते. पुढे जायचं तर तो टाका उसवावा लागतो. सिमेंटमधला धागा हेच करतो. भेगेचं टोक धाग्याशी आलं की भेगेला दोनच मार्ग उरतात. एक तर धागा तोडायचा, नाही तर त्याला सिमेंटमधून खेचून बाहेर काढायचं. खेचताना घर्षण होतं आणि भेग उघडणारी शक्ती त्यात खर्ची पडते. धागा अगदीच सैल बसला तर तो नुसता निसटतो. फारच घट्ट बसला तर तटकन तुटतो. हवा असतो तो मधला प्रकार, कुरकुरत, थोडा थोडा सरकणारा.

म्हणजे धागा भेग पडू देत नाही हे दुकानदाराचं म्हणणं खरं नाही. भेग पडतेच, पण बारीक राहते. तेवढ्याने काय फरक पडतो, असं वाटलं तर हा हिशेब पाहा. भेगेतून झिरपणारं पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. रुंदी निम्मी झाली की पाणी आठवा हिस्सा. एका मिलिमीटरच्या एका भेगेऐवजी एक दशांश मिलिमीटरच्या दहा भेगा पडल्या, तर एकूण फट तेवढीच राहते, पण झिरपणारं पाणी शंभरावा हिस्सा होतं. गच्ची गळते की नाही, आतली सळई गंजते की नाही, ते यावर ठरतं.

सव्वाशे ग्रॅमच्या पुडीचं काम आणखी मर्यादित आहे. प्लास्टर केल्यावर पहिल्या काही तासांत त्यातलं पाणी उडून जातं, ते आक्रसतं आणि तेव्हा त्याच्या अंगात काहीच बळ नसतं. पुण्यात मार्च ते मे दुपारची कोरडी हवा आणि वारा असताना केलेल्या कामाला केसासारख्या भेगा पडतात त्या याच वेळी. मऊ, बारीक धागे त्या काही तासांपुरते पुरतात. कारखान्याच्या जमिनीला मात्र फोर्कलिफ्टचं वजन सोसायचं असतं. तिथे टोकं वळवलेले पोलादी धागे, एका घनमीटर काँक्रीटला साधारण २० ते ४० किलो, लागतात. दोन्हींना 'फायबर' म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. पुडी टाकून सळई कमी करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरपासून सावध राहिलेलं बरं.

सिमेंटचा पत्रा

धागा आणि सिमेंटची सगळ्यात यशस्वी जोडी आपल्या डोक्यावर कधीपासून आहे. वाड्यावस्त्यांवर, जुन्या कारखान्यांच्या शेडवर, शाळांच्या व्हरांड्यावर दिसणारा करडा नालीदार पत्रा. लुडविग हाटशेक या ऑस्ट्रियन कारखानदाराने १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पद्धत कागदाच्या कारखान्यावरून घेतलेली. धागे आणि सिमेंट भरपूर पाण्यात कालवायचं, त्यात जाळीचा दंडगोल फिरवायचा. जाळीवर पातळ थर बसतो, तो कापडी पट्ट्यावर उचलायचा आणि मोठ्या रुळावर थरावर थर गुंडाळायचा. हवी तेवढी जाडी झाली की कापून नाल्या पाडायच्या.

हाटशेकने वापरला तो धागा ॲस्बेस्टॉसचा. खाणीत मिळणारा, दगडाचाच धागा. न जळणारा, न कुजणारा, चुन्यात न विरघळणारा. शिवाय तो इतका बारीक की सिमेंटचे कण धरून ठेवतो, जाळीतून वाहून जाऊ देत नाही. नेमक्या याच बारीकपणामुळे तो घातक ठरला. त्याची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाते, तिथेच राहते आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी कॅन्सर करू शकते. साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. भारतात त्याच्या खाणकामाला परवानगी मिळत नाही, पण रशिया, कझाकस्तान अशा देशांतून ते आयात होतं आणि त्याचे पत्रे राजरोस विकले जातात. शाबूत पत्रा छपरावर असेपर्यंत धोका कमी असतो. तो कापताना, भोक पाडताना, फोडताना वाढतो, आणि हे करणाऱ्या कामगाराच्या तोंडावर बहुधा रुमालही नसतो.

या पत्र्यांतही फ्लाय ॲश मोठ्या प्रमाणात वापरतात. म्हणजे राखेचा हिशेब पाहिला तर हा माल 'हरित' ठरतो. टाकाऊ माल घातला एवढ्यावरून एखाद्या वस्तूला पर्यावरणस्नेही म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

चुना धागा खातो

ॲस्बेस्टॉस नको, तर दुसरा कुठला धागा घ्या, एवढंच म्हणायचं आहे का? प्रश्न तितका सरळ नाही. ओल्या सिमेंटमधल्या पाण्याचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो. हातांची कातडी सोलणारं ते पाणी धाग्यालाही सोडत नाही. नारळाचा काथ्या, घायपात, ताग यांच्या धाग्यांतल्या पेशी लिग्निनसारख्या नैसर्गिक डिंकांनी एकमेकींना चिकटलेल्या असतात. चुन्याचं पाणी तो डिंक विरघळवतं, आणि मग चुन्याचे स्फटिक धाग्याच्या पोकळ्यांत शिरून बसतात. लवचीक धागा काडीसारखा कडक होतो. १९७० च्या दशकापासून घायपाताच्या धाग्यांचे पत्रे करण्याचे प्रयोग झाले, त्यांतले बरेच काही वर्षांत ठिसूळ झाले ते यामुळेच. साध्या काचेच्या धाग्यांचीही तीच गत. म्हणून झिर्कोनिया घातलेली खास काच तयार करावी लागली.

इथे राख कामाला येते. धाग्याचा शत्रू चुना, आणि राखेचं अन्नही चुनाच. स्वीडनमध्ये हान्स-एरिक ग्राम यांनी १९८३ साली नैसर्गिक धाग्यांच्या टिकाऊपणावर सविस्तर काम प्रसिद्ध केलं. सिमेंटचा मोठा हिस्सा काढून त्याजागी सिलिका फ्यूम घातला, तर घायपाताचा धागा ठिसूळ होणं रोखता येतं, हे त्यातून दिसलं. सिलिका फ्यूम म्हणजे फेरोसिलिकॉनच्या भट्टीच्या धुराड्यात सापडणारी अतिशय बारीक धूळ, तीही टाकाऊच. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात जेम्स हार्डी कंपनीने ॲस्बेस्टॉस सोडून लाकडाच्या लगद्याचे बोर्ड बनवायला घेतले. त्यांनी दळलेली वाळू घालून माल मोठ्या प्रेशर-भांड्यात वाफवला. साध्या तापमानात आळशी असलेला वाळूतला सिलिका त्या वाफेत चुन्याशी जुळतो आणि धाग्याला त्रास द्यायला चुना उरत नाही.

राखेचे आणखी दोन फायदे धाग्याला होतात. धागे घातले की मिश्रण ताठ होतं, धाग्यांचे गोळे होतात, गवंडी वैतागतो आणि वरून पाणी ओततो. फ्लाय ॲशचे गोल कण मिश्रण सैल ठेवतात. दुसरं म्हणजे प्रत्येक धाग्याभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा जमतो आणि तिथे सिमेंट पोकळ, चुनाळ राहतं. धागा तिथूनच निसटतो. राखेतून बनलेला नवा जेल ती पोकळी भरतो आणि पकड सुधारते.

धागाही याची परतफेड करतो. राखेचं मिश्रण सावकाश घट्ट होतं, म्हणजे पहिल्या दिवसांत ते अधिक नाजूक असतं. तेवढ्या काळात धागा त्याला फाटू देत नाही.

दौंड, सोलापूर, शिरोली

या जोडीसाठी लागणारा बहुतेक माल पुण्याच्या आजूबाजूलाच आहे. सोलापूरजवळ एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं केंद्र आहे, नाशिकला एकलहरेचं केंद्र आहे. डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी राखेचा माल वापरायचा आहे, आणि पुणं या दोन्हींच्या टप्प्यात येतं. राख न वापरता साठवली तर काय होतं, हे जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ दिसलं. कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत नि नदीत गेलं. देशात वर्षाला २५ कोटी टनांहून अधिक राख तयार होते.

पेण तालुक्यात डोलवीला पोलाद कारखाना आहे. तिथल्या झोतभट्टीची स्लॅग पाण्याचा मारा करून झटकन थंड केली की तिचीही काच होते. सिमेंटमधला अर्ध्याहून अधिक भाग तिने भरून काढता येतो. मला विचाराल तर राखेपेक्षाही ही चांगली, कारण तिचा दर्जा एकसारखा असतो.

साखर कारखान्यांची राख हे अजून नीट न उघडलेलं भांडार आहे. ऊस जमिनीतून भरपूर सिलिका ओढतो. उसाच्या पाल्याने अंग कापतं ते त्यामुळेच. बारामतीच्या माळेगाव-सोमेश्वरपासून जुन्नरच्या विघ्नहरपर्यंत सगळीकडे बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, बॉयलरमध्ये जाळतात. पण बॉयलर वाफेसाठी चालवतात, राखेसाठी नाही. त्यामुळे राखेत न जळलेला काळा कोळसा राहतो. तो पाणी आणि केमिकल शोषून घेतो. चाळून, दळून घेतल्याशिवाय ही राख सिमेंटच्या कामाची नाही. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून उसाच्या प्रत्येक भागाचा विचार करते आहे. राखेच्या प्रतवारीचं कामही तिथे शोभेल.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतली वापरलेली वाळू मात्र वेगळ्या रांगेतली. ती स्फटिकरूप आहे, चुन्याशी तिचं काही जुळत नाही. तिचा उपयोग फक्त वाळू म्हणून, आणि तोही साच्यासाठी तिच्यात मिसळलेले रेझिन नि बेंटोनाइट तपासून.

धाग्यांचं काय? भोसरी, चाकणच्या लेथवर निघणारे लोखंडी कुरळे छिलके काँक्रीटमध्ये घालायचे, हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प. चाचणीत ठोकळे बरे निघतातही. पण छिलक्यांना कटिंग ऑइल लागलेलं असतं, ते पकड सैल करतं, आणि प्रत्येक छिलका वेगळ्या मापाचा असतो. मुख्य म्हणजे हा टर्निंग-बोरिंगचा माल भंगारवाल्याकडून भट्टीत जातो आणि त्याचं पुन्हा पोलाद होतं. ज्याचं पोलाद होऊ शकतं ते काँक्रीटमध्ये कायमचं गाडण्यात शहाणपण नाही. जुन्या टायरमधल्या तारांचं गणित जरा बरं आहे, कारण त्या बारीक, मजबूत आणि बऱ्यापैकी एकसारख्या असतात.

माझी पसंती पुठ्ठ्याला. खोक्यांच्या तपकिरी पुठ्ठ्यात लाकडाचा लांब, चिवट धागा असतो. त्याचा लगदा हाटशेकच्या जाळीवर सिमेंटचे कण धरून ठेवायला उपयोगी पडतो, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या दोन कामांपैकी एक तो करतो. दुसरं काम, ताकदीचं, पीव्हीएसारख्या कृत्रिम धाग्याने करून घ्यावं लागतं. पुण्यात हा पुठ्ठा वेचून, निवडून देणारी माणसं संघटित आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, 'स्वच्छ' संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंट बोर्ड बनवणारा कारखानाही जिल्ह्यातच, दौंड तालुक्यात आहे. विशाका इंडस्ट्रीजचा. ऑफिसांतली पार्टिशन, छताखालची फॉल्स सीलिंग अशा बोर्डांची असतात. आपण त्यांना लाकूड किंवा जिप्सम समजतो.

चौकट : थोडक्यात

• चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून क्लिंकर कमी करणं महत्त्वाचं.
• फ्लाय ॲश, स्लॅग, बगॅसची नीट प्रक्रिया केलेली राख यांत काचेसारखा सिलिका असतो. तो सिमेंटमधल्या फुकट चुन्यापासून ताकदीचा जेल बनवतो.
• धागा भेग थांबवत नाही, ती बारीक ठेवतो. बारीक भेगेतून पाणी फार कमी जातं.
• चुना अनेक धाग्यांना खातो. राख चुना संपवते, म्हणून धागा टिकतो.
• पीपीसी वापरलं तर उन्हाळ्यात १४ दिवस पाणी मारा.
• पत्र्यावर आयएस ४५९ छापलेलं असेल तर तो ॲस्बेस्टॉसचा. जुना पत्रा काढताना ओला करा, फोडू नका, कापू नका.

कुठे वापरावं, कुठे नाही

चुना संपवणं ही धाग्यासाठी चांगली गोष्ट असली तरी सळईसाठी तशी नाही. चुन्यामुळेच काँक्रीट क्षारीय राहतं आणि त्या क्षारीय वातावरणात सळई गंजत नाही. राखेचं प्रमाण खूप वाढवलं आणि पाणी नीट मारलं नाही, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरतो आणि सळईचं कवच जातं. पाणी नीट मारलं तर काँक्रीट इतकं घट्ट होतं की हवा आतच जात नाही, हेही खरं. पण पुण्यातल्या छोट्या साइटवर कुठली शक्यता जास्त, ते वाचकांना ठाऊक आहे.

म्हणून भरपूर राख आणि टाकाऊ धागा यांची योग्य जागा कॉलम-बीममध्ये नाही. ती आहे जिथे सळईच नसते अशा पातळ वस्तूंत. पत्रे, बोर्ड, पेव्हर ब्लॉक, कर्बस्टोन, प्लास्टर. अशी वस्तू बिघडली तर ती बदलता येते, इमारत पडत नाही. पुण्यातल्या सीएमईत, म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये शिकवलेल्या एम. एस. शेट्टी यांचं 'काँक्रीट टेक्नॉलॉजी' हे पाठ्यपुस्तक १९८२ पासून सिव्हिलच्या मुलांच्या हातात आहे. त्यात फ्लाय ॲश आणि तंतुमय काँक्रीट दोन्हींची माहिती आहे. म्हणजे हे ज्ञान नवं नाही. अडलंय ते माल निवडणं, धुणं, चाळणं, दळणं आणि प्रत्येक खेपेची चाचणी करणं या कंटाळवाण्या कामांपाशी.

आणि गिऱ्हाइकापाशी. पुण्यात पेव्हर ब्लॉकचं आणि कर्बस्टोनचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका. वाघोलीला आणि मोशीला राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प त्यांनी उभे केले आहेत, तेव्हा टाकाऊ मालाचं त्यांना वावडं नाही. आता निविदेत राखेचं किंवा स्लॅगचं किमान प्रमाण लिहावं, धागा कुठला ते लिहायला लावावं, चाचणीचे अहवाल लोकांना पाहायला ठेवावेत. आणि शाळा, दवाखाना किंवा मंडई यांपैकी कुठल्याही नव्या शेडवर आयएस ४५९ चा पत्रा चालणार नाही, एवढी एक ओळ तरी आजच घालावी.